साडेआठच्या काकांकडून रेडिएशनच्या ताईंना

ताई, स. न. वि. वि.

परवा आमच्या नाक्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत तोंड उघडून पडलो होतो. उघडून म्हणजे आपलं दोन बोटं जेमतेम जातील एवढं, तुम्हाला माहितीच आहे. डावीकडची खालची दाढ तीन रात्री ठणकत होती. डॉक्टर तरुण आहेत, हात हलका आहे. बॅटरी मारून म्हणाले, "काका, हिच्यात काही राहिलं नाही, काढून टाकू. पाच मिनिटांचं काम." सुई भरलीसुद्धा. तेवढ्यात मला तुमचं वाक्य आठवलं. तुम्ही ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं, शाळेत पाढे घेतात तसं. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "डॉक्टर, गालाच्या कॅन्सरसाठी या बाजूला साठ ग्रे रेडिएशन घेतलंय. दात उपटायच्या आधी माझ्या रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोला."

त्यांनी सुई खाली ठेवली. चेहराच बदलला त्यांचा. म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं?" आधी का नाही सांगितलं याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ठणका लागला की माणूस सगळं विसरतो. मग फोनाफोनी झाली, मुळं न उपटता रूट कॅनाल करून दाढ तिथेच ठेवायची असं ठरलं. आता ठणका नाही आणि जबडा शाबूत आहे.

गेल्या तपासणीला तुम्हाला भेटायला तळघरातल्या रेडिएशनच्या खोलीशी आलो होतो. कळलं, तुम्ही दुसऱ्या इस्पितळात गेलात. कुठे ते कोणी सांगेना, आणि खोदून विचारणं बरं दिसत नाही. म्हणून हे पत्र असं चव्हाट्यावर लिहितोय. भाच्याने फोनवर मराठी टाइप करायला शिकवलंय, चुकलंमाकलं पोटात घाला. तुमचं नाव लिहीत नाही. वाचाल तेव्हा ओळखालच.

मी तीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होतो. खांद्याला पैशाची बॅग, हातात तिकिटाची पेटी आणि खिशात तंबाखू-चुन्याची डबी. डबल ड्युटीला झोप येऊ नये म्हणून चिमूट लावायची, मग सवय, मग नुसती जागा भरायला. डाव्या गालात जिथे चिमूट बसायची, नेमकं तिथेच ते उगवलं. पांढरा चट्टा, मग न भरणारी जखम, मग बायोप्सी. ऑपरेशन झालं, मानेच्या गाठी काढल्या, गालाच्या आतून हाताच्या कातडीचं ठिगळ लावलं. (त्या ठिगळावर हातावरचे केस उगवतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तोंडात केस! ते तुमच्या मशीननेच घालवले, हा एक वेगळाच उपकार.) मग डॉक्टर म्हणाले, आता शेक घ्यावा लागेल. तीस सिटिंग, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे.

'शेक' या शब्दानेच अर्धी भीती घातली होती. चाळीत सगळे तेच म्हणायचे. "त्यांना शेक चालू आहे." मला वाटायचं, आत काहीतरी भाजणार. पहिल्या दिवशी तुम्ही ते गरम पाण्यातून मऊ झालेलं जाळीदार प्लॅस्टिक माझ्या तोंडावर ओढलंत, नाकापाशी, हनुवटीपाशी बोटांनी दाबत बसलात, आणि ते घट्ट होईपर्यंत मी देवाचं नाव घेत होतो. ते कोमट होतं, बस्स. मी विचारलं, "आता शेक किती गरम लागेल?" तुम्ही हसलात नाहीत. म्हणालात, "काका, रोज दोन ग्रे. एका किलो वजनामागे दोन ज्यूल ऊर्जा. एवढ्याने पाणी एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकं तापतं. चहाच्या एका घोटात याहून कितीतरी जास्त ऊब असते. हा शेक नाहीच."

मग हे करतं तरी काय, हे मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तुमच्याकडे वेळ कुठे होता? बाहेर रांग, आत मी. मास्कची बटणं लावता लावता तुम्ही दोन वाक्यं बोलायचात, उतरलो की आणखी एक. मशीन जसं रोज दोन ग्रे द्यायचं तशी तुम्हीही माहिती दोन-दोन ग्रेनेच दिलीत. एकदम सांगितलं असतंत तर मी पळून गेलो असतो.

तुम्ही सांगितलेलं माझ्या डोक्यात असं बसलंय. चुकलं असेल तर सांगा. पेशीत बहुतेक पाणीच असतं. किरण आले की त्या पाण्याचे तुकडे होतात, ते तुकडे क्षणाच्याही बारीक भागापुरते जगतात, पण तेवढ्यात शेजारच्या डीएनएला चावा घेतात. डीएनए म्हणजे दोन पदरी दोर. एक पदर तुटला तर दुसऱ्याकडे बघून पेशी तो सांधते. दोन्ही पदर जवळजवळ एकाच जागी तुटले की सांधा चुकतो. एका ग्रेमागे एका पेशीत एकेरी तुटी हजाराच्या आसपास, दुहेरी फक्त चाळीसेक. पण मारतात त्या चाळीस. आणि पेशी मरते तीसुद्धा लगेच नाही. ती दोन व्हायला निघते, तेव्हा तिची डीएनएची गाठोडी नीट वाटली जात नाहीत, आणि तिथे मरते.

मी म्हणालो, "म्हणजे तिकीट फाडलं तरी गाडी सुटल्यावरच कळणार." तुम्ही म्हणालात, "तसंच. म्हणून तर मशीन बंद झाल्यावरही काम चालू राहतं."

एकदा मी विचारलं, सगळे साठ ग्रे एकदम का नाही देत, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. त्यावर तुम्ही मेंढ्याची गोष्ट सांगितलीत. 1920च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोदियस रेगो नावाच्या शास्त्रज्ञाने एडक्यांवर प्रयोग केले होते. एडक्याला एकाच दमात किरण देऊन नापीक करायचं म्हटलं तर वरची कातडी जळायची. तेच किरण दिवसांच्या अंतराने थोडे थोडे दिले तर एडका नापीक व्हायचा आणि कातडी शाबूत राहायची. मग त्याच शहरात आंरी कुतार यांनी घशाच्या कॅन्सरवर हाच हप्त्यांचा मार्ग चालवला. मी साताऱ्याकडचा, आमच्या गावाला मेंढरं उदंड. मास्कच्या आत हसू फुटलं तर तुम्ही माइकवरून ओरडलात, "काका, हलू नका!" आता सांगा, हसवलं कोणी?

हप्त्यांचं गणित मला कंडक्टर म्हणून पटलं. साध्या पेशी दोन हप्त्यांच्या मधल्या वेळात दुरुस्ती करून घेतात, सहा तासांत बरीचशी होते. कॅन्सरच्या पेशीचं दुरुस्तीचं खातं ढिसाळ. रोज थोडी तूट, रोज थोडी जास्त थकबाकी. शनिवार-रविवार सुट्टी का, असं विचारल्यावर मला वाटलं यामागेही काहीतरी मोठं शास्त्र असणार. तुम्ही म्हणालात, "खरं सांगू? सुट्टी माणसांची आहे, काका. पेशींना वार कळत नाही." तुमचा हा खरेपणा मला फार आवडला.

आणि तो खरेपणा होता म्हणूनच पुढचं सोसलं. बाकी सगळे "काही होणार नाही, घाबरू नका" म्हणत होते. तुम्ही पहिल्याच आठवड्यात पत्ते उघडे टाकलेत. दोन आठवडे तुम्हाला वाटेल, काहीच होत नाही. तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलेल. पाचव्या-सहाव्यात तुम्ही मला मनातल्या मनात शिव्या घालाल. शेवटच्या सिटिंगनंतर दहा-पंधरा दिवस आणखी त्रास होईल, तेव्हा शेक वाया गेला असं समजू नका, मग उतरेल.

तंतोतंत तसंच झालं. शिव्यासुद्धा घातल्या, आज कबूल करतो. तोंडाचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, तळाच्या पेशी वर सरकत राहतात. तळच मार खातो, वरचं झिजून जातं, आणि नवं वर येत नाही. मग पाणीसुद्धा मिरचीसारखं लागतं. गोट्यासारखे गिळायचे ते घोट. मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून आठ-दहा वेळा गुळण्या, बधिर करणारं औषध तोंडात धरून मग जेवण. जेवण कसलं, मिक्सरमधून काढलेली खिमटी. आमच्या हिने सहा आठवड्यांत पेजेचे जेवढे प्रकार केले तेवढे तिच्या आईनेही केले नसतील.

लाळेचं मात्र सगळ्यात आधी झालं. पहिल्याच आठवड्यात तोंड कोरडं पडायला लागलं. मी म्हणालो, तुम्ही तर म्हणालात भराभर वाढणाऱ्या पेशी आधी मार खातात, 1906पासूनचा नियम आहे म्हणून. मग लाळेच्या पेशी कुठे एवढ्या भराभर वाढतात? तुम्ही म्हणालात, "त्या नियमाबाहेरच्या आहेत, काका. कानापुढची ग्रंथी फार हळवी." आणि मग सांगितलंत की डॉक्टरांनी आणि फिजिक्सच्या साहेबांनी आखणी करताना माझी उजवी बाजू शक्य तेवढी बाहेर ठेवली आहे, रोग डाव्या गालातच होता म्हणून ते जमलं. तीस वर्षं मी या शहरात गाडीच्या खिडकीतून थुंकत आलो, ताई. कुलाब्यापासून मुलुंडपर्यंत एक रस्ता सोडला नसेल. आणि आता खिशात पाण्याची बाटली घेऊन फिरतो, एका घोटाची ओल मिळावी म्हणून. देवाला विनोदबुद्धी आहे.

चौथ्या आठवड्यात तुम्ही मास्क लावलात आणि थांबलात. माझ्या उजव्या गालाशी तुमची करंगळी मास्कच्या आत गेली. "काका, बोट जातंय." मी म्हणालो, "मग बरंच झालं, आधी श्वास कोंडायचा." तुम्ही एकदम गंभीर झालात. वजन बघितलं, अडुसष्टवरून बासष्टवर आलं होतं. तेव्हा मला कळलं की पेज पिणं म्हणजे नुसती ताकद टिकवणं नव्हे. मास्क सैल झाला की मान आत हलते, मान हलली की नेम चुकतो, आणि आखणी मिलिमीटरची आहे. त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना बोलावलंत, पुन्हा स्कॅन झाला. "नाकातून नळी घालूया का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी घरी जाऊन रडत रडत दोन वाट्या जास्त खाल्ल्या. नळी टळली.

हळदीचा प्रकारही लिहूनच टाकतो. मानेची कातडी काळी पडून खाजायला लागली तेव्हा एका मेहुण्याच्या सांगण्यावरून मी खोबरेल तेलात हळद कालवून जाड लेप दिला आणि तसाच आलो. तुमच्या पांढऱ्या मास्कला पिवळा डाग. तुम्ही रागावलात, पण आवाज चढवला नाहीत. म्हणालात, हे किरण कातडीखाली दीड सेंटिमीटरवर जास्त जोर धरतात, वरच्या कातडीला थोडी सूट असते. वर जाड थर आला की ती सूट जाते. मग ओल्या फडक्याने स्वतः पुसून काढलंत. मेहुणा अजून सगळ्यांना हळद सांगत फिरतो.

आणि बुधवारचा तो पाऊस. अठरावी सिटिंग होती. पहाटेपासून धो धो, कुर्ला-शीवला रुळावर पाणी, विक्रोळी स्टेशनात गाडी दीड तास उभी. छत्री गुंडाळून घरी आलो. तोंड एवढं सोललेलं होतं की खरं सांगतो, बरं वाटलं. एक दिवस सुटका. दहा वाजता तुमचा फोन. मी म्हणालो, एका दिवसाने काय होतंय. तुम्ही म्हणालात, "तीन-चार आठवडे मार खाल्ला की उरलेल्या पेशी इरेला पेटतात. जास्त जोराने वाढायला लागतात. इथून पुढे प्रत्येक बुडालेला दिवस अर्ध्या-पाऊण ग्रेची उधारी आहे. तुम्ही थकलात हे मला कळतंय. पण त्या थकलेल्या नाहीत."

गुरुवारी मी आलो. बुडालेला दिवस भरून काढायला डॉक्टरांनी शुक्रवारी दोन सिटिंग लिहिल्या, मध्ये कमीत कमी सहा तास ठेवून, साध्या पेशींना दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणून. सकाळी साडेआठला एक झाली. दुसरी अडीचनंतर. तुमची ड्युटी दोनला संपायची. पावणेतीनला मशीनच्या दारात पाहतो तर तुम्हीच उभ्या, पर्स खांद्याला, वर ॲप्रन. "दुसरं कोणी लावलं तर तुम्ही हसाल आणि हलाल," म्हणालात. अंधेरीला जायचं होतं तुम्हाला, बाहेर पुन्हा आभाळ भरून आलं होतं. मी काही बोललो नाही. तोंड बोलायच्या लायकीचं नव्हतंच. ते राहिलेलं आज बोलतोय.

दातांवरून मात्र मी तुमच्याशी भांडलो होतो. शेक सुरू व्हायच्या दोन-अडीच आठवडे आधी चार दात काढायला लावले होते, त्यातले दोन मला तरी चांगले वाटत होते. मी म्हणालो, रोग गालात आणि दरोडा दातांवर. तेव्हा तुम्ही अपॉइंटमेंटच्या कार्डामागे पेनने जबडा काढलात. खालच्या जबड्याला रक्त आधीच बेताचं. किरणांनी त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसत जातात, आणि ते सहा आठवड्यांत संपत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू चालू राहतं. अशा हाडातून दात उपटला तर खड्डा भरत नाही, हाड उघडं पडतं, सडतं. म्हणून जे पुढे त्रास देतील ते आधीच काढायचे. आणि पुढे कधी काढायची वेळ आलीच, तर ते वाक्य. तीनदा म्हणवून घेतलंत. ते कार्ड माझ्याकडे अजून आहे. चित्र जबड्यापेक्षा चपलेसारखं दिसतं, पण परवा उपयोगी पडलं.

बाकीचा हिशेबही देतो, कारण तुम्ही विचारला असतात. तोंड जास्त उघडावं म्हणून दातांत आइस्क्रीमच्या काड्या धरायचा व्यायाम चालू आहे. दहा काड्यांवरून पंधरावर आलोय, पंधराच्या पुढे सरकत नाही. मानेची डावी बाजू चामड्यासारखी झाली आहे, थंडीत ओढते. दाढी डावीकडे येत नाही, न्हावी निम्मेच पैसे घेतो असं मी लोकांना सांगतो, घेतो पूर्ण. दर सहा महिन्यांनी थायरॉइडचं रक्त तपासतो. दुसऱ्या वर्षी ते घसरलंच, आता सकाळी उपाशीपोटी गोळी. डबी ऑपरेशनच्या आदल्या रात्री सोडली ती सोडली. आमच्या वेळी रांगेत एक गृहस्थ असायचे, इस्पितळामागे जाऊन बिडी ओढून यायचे. त्यांना तुम्ही सांगितलं होतं की किरणांनी केलेली तूट पक्की व्हायला प्राणवायू लागतो, प्राणवायू नसलेल्या पेशीला मारायला अडीच-तीन पट मात्रा लागते, आणि बिडीचा धूर रक्तातली प्राणवायूची जागाच अडवून बसतो. त्यांनी सोडली की नाही माहीत नाही. मी मात्र ते ऐकून माझ्या हिमोग्लोबिनच्या गोळ्या वेळेवर घ्यायला लागलो.

एक गोष्ट तुम्हाला कळवायची राहून गेली आहे. तिसाव्या सिटिंगला मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आलो होतो. सगळ्यांनी खाल्ले, मी बघत उभा. तेव्हा तोंडात सगळं कागदासारखं लागायचं. ही वरणात मीठ घालायला विसरली म्हणून मी तिच्याशी भांडायचो, आणि ती बिचारी दोनदा घालायची. तुम्ही एक पेढा कागदात गुंडाळून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "हा तुमचा. चवीच्या पेशी नव्या येतात, पण काही महिने लागतील. चव आली की मला कळवा."

दिवाळी होऊन गेली होती. सकाळी हिने चहा दिला, मी घोट घेतला आणि म्हणालो, "साखर जास्त झाली." ती गॅसपाशी तशीच उभी राहिली. मग आत जाऊन डबा घेऊन आली आणि आणखी एक चमचा घातला. त्या संध्याकाळी विक्रोळी स्टेशनबाहेरच्या दुकानातून पावशेर पेढे घेतले आणि तिथेच बाकावर बसून एक खाल्ला. कोरड्या तोंडात पेढा टाळूला चिकटतो, बाटलीतलं पाणी पीत पीत खावा लागला, दहा मिनिटं गेली असतील. वेलदोडा कळला. उजव्या बाजूने चावला.

ताई, चव आली.

आपला,
साडेआठचे काका
कन्नमवार नगर, विक्रोळी